दलालांनी तसदी घेऊ नये

कीलुंग बंदराच्या मासळीबाजारात बांग्योच्या तोंडाला सगळे वचकून असत. 'ताजा आहे का?' असं विचारणाऱ्याच्या नाकासमोर ती माशाचे कल्ले उघडून धरायची. कल्ले करडे असले तर आपणच सांगायची, हा कालचा आहे, तळायला ने, रश्श्यात घालून माझं नाव बदनाम करू नकोस. गिऱ्हाईक चार शब्द ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट तिच्याच पुढ्यात येऊन उभं राहायचं. उभा जन्म तिनं असाच माल विकला. म्हणून घर विकायची वेळ आली तेव्हा, मधे दलाल घालायचा का, हा प्रश्नच तिला चीड आणणारा वाटला. मासा विकायला जिला कुणी लागलं नाही, तिला घर विकायला भाड्याचं तोंड कशाला हवं?

तशी ती जन्मतःच रागावलेली होती म्हणा ना. आणि का असू नये? चौथी मुलगी झाली तेव्हा बापानं तोंड वाकडं करून तिचं नाव बांग्यो ठेवलं, म्हणजे 'आता झालीच आहे तर वाढवा'. असं नाव घेऊन शाळेत हजेरी द्यायची, असं नाव घेऊन बोहल्यावर चढायचं. दुसरी एखादी मान खाली घालून जगली असती. ही मान वर करून जगली, आणि वर केलेली मान दिसली की लोकांना ती भांडायलाच आली आहे असं वाटायचं. बरेचदा ते खरंही असायचं.

पण दलालांवरचा राग वेगळा. त्याला मूळ होतं.

तिचं लग्न मध्यस्थीण बाईनं जमवलं. सोन्याचे दात, हातात रुमाल, आणि जिभेवर साखरेचा कारखाना. पाहायला आले त्या दिवशी रिवाजाप्रमाणे बांग्योनं चहाचे पेले घेऊन सगळ्यांपुढे वाकायचं होतं. ती वाकली. मुलगा खुर्चीत बसलेला. चेहरा बरा, डोळे शांत. पण आल्यापासून जाईपर्यंत तो काही उठला नाही. मध्यस्थीण म्हणाली, फार घरंदाज आहे हो, लाजतो. लग्नाच्या दिवशी तो गाडीतून उतरला तेव्हा कळलं काय लाजत होतं ते. गोदीत लोखंडाखाली सापडून त्याचा डावा पाय कामातून गेला होता. सगळ्या गल्लीनं पाहिलं, तेव्हाच तिनंही पाहिलं.

रात्री किमच्वाननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, खाली बघत विचारलं, "पायाचं तुला सांगितलं होतं ना तिनं? मी बजावून सांगितलं होतं, आधी हे सांग म्हणून."

बांग्यो नाही म्हणाली. मग उठून त्यानं तिच्यासाठी पाणी आणलं, पाय ओढत, लपवायचा काही प्रयत्न न करता.

चांगला निघाला माणूस. तिच्या रागाला हसणारा, बाजारातून ती आली की तिच्या हातांना आलं चोळून माशाचा वास घालवणारा. पण त्या मध्यस्थिणीला तिनं कधीच माफ केलं नाही. लोकांना वाटायचं, लंगडा नवरा गळ्यात बांधला म्हणून राग आहे. गाढव आहेत लोक. तिचं दुखणं निराळं होतं. "त्यानं स्वतः येऊन सांगितलं असतं ना, तरी मी हो म्हटलं असतं," ती म्हणायची. "तो हो म्हणायचा मान माझा होता. त्या सटवीनं तो मधल्यामधे खाल्ला."

आता घराचं सांगते. घर पाचव्या मजल्यावर, वर गच्ची, लिफ्टचं नाव नाही. लंगडा किमच्वान कठड्याला धरून जन्मभर ते जिने चढला आणि त्यानं कधी हूं की चूं केलं नाही. तो गेल्यावर गुडघे गेले ते बांग्योचे. हळूहळू असं झालं की खाली उतरणं म्हणजे एक मोहीम. बाजार सुटला, देऊळ सुटलं. कचऱ्याची पिशवी ती गॅलरीतून दोरीनं खाली सोडायची, आणि कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की खालची शेवयावाली ती गाडीत टाकायची. कीलुंगमध्ये भिकाऱ्यापासून बँकवाल्यापर्यंत सगळे संध्याकाळी पिशवी घेऊन त्या गाण्यामागे धावतात, हिला ते वरून बघावं लागायचं. त्याचाही तिला राग यायचा.

तिची बाजारातली मैत्रीण छुनमेई मुलाकडे ताइचुंगला राहायला निघाली होती. तिचं घर भूमिदेवाच्या देवळामागे, तळमजल्यावर, उंबरा ओलांडला की गल्ली. छुनमेईनं सांगितलं, तुझं घर विकलं गेलं की माझं तू घे, सातवा महिना लागेपर्यंत मी थांबते. सातव्या महिन्यात पाताळाचं दार उघडतं, भुतं गावभर जेवत फिरतात. तेव्हा कुणी लग्न करत नाही, घर घेत नाही. महिना सरला की छुनमेईला ते दुसऱ्याला द्यायचं होतं. म्हणजे त्याच्या आत काय ते व्हायला हवं होतं. नाही झालं तर बांग्यो त्या पाचव्या मजल्यावर, पिंजऱ्यातल्या मैनेसारखी, शेवटपर्यंत.

तिनं लाल कागद आणवला आणि मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: घर विकणे आहे. मालकीण स्वतः विकते. दलालांनी तसदी घेऊ नये. शेवयावालीनं तो फाटकाशेजारी चिकटवला. आणि त्या दिवसापासून दलालांनी जी तसदी घ्यायला सुरुवात केली, ती विचारू नका. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत. एकजण फोनवर म्हणे, मी माझ्या मावशीसाठी विचारतोय. दुसरी म्हणे, मी माझ्या बहिणीसाठी. या बेटावर स्वतःसाठी घर घेणारं कुणी उरलंच नाही की काय, असं वाटावं.

लियाव नावाचा एक तरुण तर सरळ घरीच आला, मावशीसाठीच. कोपरे बघितले, उजेडाचं कौतुक केलं, भिंतीवर टकटक केलं. बांग्यो खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होती. तिची एक परीक्षा होती. ज्याला खरंच इथे राहायचंय तो कधी ना कधी विचारतोच, कचऱ्याची गाडी कुठे थांबते. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्याचा अर्धा जीव त्या गाडीत असतो. लियावनं जगातलं सगळं विचारलं, ते विचारलं नाही. शेवटी तिनंच विचारलं, तुझी मावशी कचरा कुठे टाकणार आहे रे? तो म्हणाला, इमारतीचा माणूस नेत असेल ना.

इमारतीचा माणूस म्हणे. बांग्यो काठी घेऊन उठली आणि त्याच्या मावशीची चार पिढ्यांपर्यंत चौकशी केली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडून ऐकलं. मुलगा जिने उतरत होता आणि वरून शब्द त्याच्यामागे उतरत होते.

खरी गिऱ्हाइकंही आली. पण त्यांचं निराळंच. चहा घेत घेत, आढेवेढे घेऊन, सगळे शेवटी तिथेच यायचे: घरात कुणी गेलं वगैरे नाही ना? आणि बांग्यो अभिमानानं सांगायची, गेलं ना, माझा नवरा गेला. इथेच, तुम्ही बसलात तिथे.

अभिमानानंच सांगणार. तिनं काय काय करून त्याला घरी आणला होता ते तिला ठाऊक. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आता काही उरलं नाही. किमच्वाननं बजावून ठेवलं होतं, मला परक्या खाटेवर मरू देऊ नकोस, एक श्वास शिल्लक ठेवून घरी ने. आपल्याकडे चांगल्या मरणाची रीत तीच. गाडी दाराशी आली तर स्ट्रेचर जिन्यात वळेना. तेव्हा बाजारातले चार हमाल आले, त्यांनी त्याला खुर्चीत बसवून पाच मजले वर नेलं, आणि बांग्यो शेजारून त्याच्या तोंडाला लावलेली हवेची पिशवी हातानं दाबत, पायऱ्या चढत. तिचे गुडघे तिथेच संपले म्हणायचे. पुढच्या खोलीत, देवासमोर, त्याला निजवलं. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "आलो बरं का घरी." मग पिशवी सोडली. याहून चांगलं मरण कुणाला मिळतं?

पण ऐकणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. एका तरुणीनं गळ्यातला ताईत मुठीत धरला तो खाली जाईपर्यंत सोडला नाही. एकजण तर बसल्या जागेवरून असा टुणकन उडी मारून उठला की जणू किमच्वान त्याच्या मांडीखाली आहे. बांग्योच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मुडद्यांनो, तुमचे बाप काय आकाशात विरघळणार आहेत?

मुलगी बीहुआ तैपेईहून आली ती वैतागूनच. बीहुआ वाईट नव्हती, आईचे गुडघे बघून तिचं पोट तुटत होतं. ती म्हणाली, आई, मासा विकणं वेगळं आणि घर विकणं वेगळं. दलाल असतो तो याचसाठी. तू गप्प बसायचं, तो बोलेल. आणि तिनं दार उघडून बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत बोलावलं. हातात पेरूंची टोपली, मान खाली. लियाव.

बांग्यो त्याला त्या दिवशीही हाकलणार होती. पण तो पोरगा चिवट. त्यानं वाकून माफी मागितली, म्हणाला, मावशी, चुकलो, मला मावशीच नाही. दुसऱ्या दिवशी परत आला. संध्याकाळी गाणं वाजलं तशी त्यानं न सांगता कचऱ्याची पिशवी उचलली आणि पाच मजले धावत खाली गेला. असं तो रोज करायला लागला. रागावलेल्या माणसाला कुणी काम करून दाखवलं की त्याची पंचाईत होते. बांग्योची झाली. शिवाय सातवा महिना तोंडावर आला होता, आणि त्या सकाळी न्हाणीपर्यंत जातानाही तिला भिंत धरावी लागली होती.

ती म्हणाली, ठीक आहे, पण खोटं बोलायचं नाही.

"मी खोटं बोलत नाही, मावशी," लियाव म्हणाला. "विचारलं नाही तर सांगत नाही, एवढंच."

बांग्योला माहीत होतं हे काय असतं. बाजारात याला कल्ले खाली करून बर्फावर मासा मांडणं म्हणतात. तिच्या शेजारचा मासेवाला जन्मभर तसाच मांडायचा आणि ती त्याच्यावर थुंकायची. तरी तिनं सहीऐवजी उमटवायचा आपला नावाचा शिक्का काढला आणि दलालीच्या करारावर उमटवला. आणि मग रात्री देवासमोरच्या फोटोतल्या किमच्वानकडे तिनं पाहिलं नाही. उगाच उदबत्ती सारखी करत राहिली.

गिऱ्हाईक पटकन मिळालं, हे कबूल करायला हवं. नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघं बंदरात नोकरीला. घर आवडलं, भाव ठरला, सातवा महिना लागायच्या आत सह्या करायच्या ठरल्या. छुनमेईनं आनंदानं देवळामागच्या घराची किल्ली आधीच धुऊनपुसून ठेवली. दोघा हमालांनी बांग्योला खुर्चीत बसवून खाली आणलं, त्याच खुर्चीत. लियावच्या कचेरीत गारेगार हवा, काचेचं टेबल, पेल्यात वाफाळता चहा. बीहुआ आईचा हात धरून बसली होती. लाल शाईची डबी उघडी होती आणि बांग्योचा शिक्का तिच्या बोटांत होता.

तेव्हा ती नवी नवरी, चांगली गोड मुलगी, बांग्योकडे वळून म्हणाली, "आजी, राग मानू नका, सासूबाईंनी विचारायला सांगितलंय. आजोबा घरात तर नाही ना गेले?"

बांग्यो तोंड उघडणार, तोवर लियाव हसत म्हणाला, "छे हो, काका हॉस्पिटलातच गेले. शेवटपर्यंत तिथेच होते. घराला काहीसुद्धा लागलेलं नाही."

मुलीनं सुटकेचा श्वास टाकला. बीहुआनं आईचा हात घट्ट दाबला. दोन सेकंद गप्प बसली असती ना बांग्यो, तर संध्याकाळी तळमजल्यावर असती. देऊळ, गल्ली, कचऱ्याची गाडी, सगळं हाताशी.

ती लियावला म्हणाली, "परत बोल."

लियावनं किटली उचलून तिच्या पेल्यात चहा ओतला.

"परत बोल ना. माझा नवरा कुठे मेला? परक्या खाटेवर? तो एवढंच मागत होता माझ्याकडे, जन्मात एकच गोष्ट. चार माणसांनी त्याला उचलून आणला, मी या हातानं त्याचा श्वास चालू ठेवत वर आले. आणि तू चहा ओततोस तसा त्याला परत त्या हॉस्पिटलात ओतून आलास?"

लियाव हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुमच्या गुडघ्यांसाठी बोललो मी."

"माझ्या गुडघ्यांसाठी त्याला तिथे मारलंस."

मग ती त्या मुलीकडे वळली. तिच्याशी आवाज चढवला नाही. तिनं सगळं सांगितलं, खोली, देवघर, हमाल, आलो बरं का घरी. आता तू बोल, ती म्हणाली, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण ते तुझं तू म्हण. मुलगी रडवेली झाली. नवऱ्यानं तिचा दंड धरला, दोघांनी वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. बांग्योनं शिक्का पुसला, पिशवीत टाकला.

बाहेरच्या बाकावर बीहुआ फुटली. तिचंही चुकलं असं कुणी म्हणू नये, आईला खुर्चीत उचलताना बघितलं की मुलीचं काय होतं ते मुलीलाच ठाऊक. ती म्हणाली, "मरशील एक दिवस त्या पाचव्या मजल्यावर."

"मरेन की. मग पुढच्या गिऱ्हाइकाला सांग, इथे एक नाही, दोघं गेली."

हमालांनी बांग्योला परत वर पोचवलं, बीहुआ मिळेल त्या गाडीनं तैपेईला परतली आणि तिनं फोन करणं सोडलं. लियावही यायचा बंद झाला. कचऱ्याची पिशवी पुन्हा दोरीला लागली. छुनमेईनं निरोप पाठवला, सातव्या महिन्यात माझंही घर कोण घेतंय, पण महिना सरला की मी दलालाला देणार, मला आणखी थांबता येणार नाही. यात तिचा काही दोष नव्हता. बांग्योला तिचाही राग आला.

आणि सातवा महिना लागला. दारोदार टेबलं मांडून भुतांना जेवणं घातली गेली, गल्लीत कागदी नोटा जळायला लागल्या. अशात एके सकाळी बांग्यो घराबाहेर पडली. कुणाला बोलावलं नाही. पायरीवर बसायचं, खालच्या पायरीवर सरकायचं, परत बसायचं, अशी लहान पोरासारखी ती पाच मजले उतरली. काखेत नवा लाल कागद होता. फाटकापाशी पोचली तेव्हा दम लागून तिला बोलता येत नव्हतं, ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असेल. जुना कागद तिनं ओरबाडून काढला आणि नवा लावला. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

घर विकणे आहे. पाचवा मजला, लिफ्ट नाही. पावसाळ्यात न्हाणीची भिंत ओलावते. माझा नवरा याच घरात गेला, पुढच्या खोलीत, मी जवळ होते. दलालांनी तसदी घेऊ नये.

शेवयावालीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, या महिन्यात कागद लावतेस? भुतं येतील घर घ्यायला.

"येऊ देत," बांग्यो म्हणाली. "ती तरी स्वतःसाठी विचारतील."

त्या कागदानं गल्लीत बोंब झाली. तिसऱ्या मजल्यावरची बाई भांडायला आली, म्हणाली, असलं काहीबाही लिहून सगळ्या इमारतीचा भाव पाडतेस, उद्या आमचं घर कोण घेईल? बांग्योनं तिला तिच्या सासऱ्याची आठवण करून दिली, जो हॉस्पिटलच्या व्हरांड्यात गेला होता आणि शेजारी कुणी नव्हतं. बाई पांढरी पडून खाली गेली. ते बोलायला नको होतं, हे बांग्योला जिभेवरून सुटतानाच कळलं, पण जीभ तिची आणि राग तिचा, दोघांना आवरणारा फोटोत बसलेला. फोन मात्र वाजेना. दलालांचासुद्धा वाजेना, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

वाजला तो महिना सरत आला तेव्हा. पुरुषाचा आवाज, जाडाभरडा, मागे वाहनांची गडबड.

"फाटकावरचा कागद वाचला," तो म्हणाला. "घराचा."

"दलाल आहेस?"

"नाही हो. बस चालवतो मी."

"मावशीसाठी विचारतोस?"

"मला आणि बायकोला."

"नीट वाचलंस ना सगळं? माझा नवरा..."

"वाचलं," तो म्हणाला. मग जरा थांबला. बांग्यो तयारच होती, आता हा विचारणार कुठल्या कोपऱ्यात, रात्री काही आवाज येतात का. तिनं उत्तरं दातांत धरून ठेवली होती. तो म्हणाला, "मला एवढंच सांगा, कचऱ्याची गाडी कुठे थांबते?"

बांग्यो खुर्चीत बसली. समोर फोटोत किमच्वान होता आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसलं, आणि बाजारात खेकसायची तशी फोनवर खेकसली.

"औषधाच्या दुकानासमोर, दिवेलागणीला. गाणं ऐकू आल्यावर निघालास तर चुकेल, आधीच उतरायला लागतं. गुडघे धड आहेत ना तुझे?"